कॉनराड मॅगी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एस्टोनियाची आधुनिक चित्रकला पाहायला घेतली की पहिल्या काही चित्रांतच हे नाव समोर येतं आणि त्यामागोमाग प्रश्नांची रांग लागते. त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे, जिथे नाही तिथे दोन ओळींत आटोपलं आहे.

कॉनराड मॅगी कोण? थोडक्यात सांगा.

एस्टोनियाचा चित्रकार, मुख्यतः निसर्गचित्रकार. जन्म १ नोव्हेंबर १८७८, मृत्यू १५ ऑगस्ट १९२५. सत्तेचाळिशी काही त्याला गाठता आली नाही, आणि रंगांशी खरी गाठ पडली तीसुद्धा तिशी जवळ आल्यावर. चित्रकार म्हणून हाती आलेला काळ जेमतेम एकोणीस वर्षांचा. तेवढ्यात त्याने सुमारे ४०० चित्रं केली, ‘पल्लास’ ही कलाशाळा उभी करण्यात पुढाकार घेतला आणि तिचा पहिला संचालक झाला.

त्याच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : या माणसाचं मायदेशी कधी मन रमलं नाही, आणि तरी एस्टोनियाची भूमी त्याच्याइतक्या पेटलेल्या रंगांत दुसऱ्या कोणी पाहिली नाही.

नावाचा उच्चार खरंच ‘मॅगी’ असा आहे का?

हो, जवळपास तसाच. नूडल्स आठवणारच. आठवून झाल्या की पुढे वाचा.

तो रशियन चित्रकार होता का? काही ठिकाणी तसा उल्लेख दिसतो.

नाही. तो जन्मला तेव्हा आजचा एस्टोनिया रशियन साम्राज्यात होता, एवढ्यावरून तो गैरसमज होतो. प्रत्यक्षात सत्तेचे दोन थर होते. वर झारचं सरकार आणि गावोगावी बाल्टिक जर्मन, म्हणजे पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेले जर्मन वंशाचे जमीनदार. जमिनी त्यांच्या, मोठे वाडे त्यांचे, विद्यापीठातली भाषाही बराच काळ जर्मनच. एस्टोनियन बोलणारी माणसं बहुतांशी शेतावर राबणारी. तार्तू शहराची नावंसुद्धा सत्तेप्रमाणे बदलत गेली : जर्मनांचं दोर्पात, १८९३ नंतर सरकारी कागदांवर युरिएव्ह, आणि लोकांच्या तोंडी तार्तू.

२४ फेब्रुवारी १९१८ ला एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हा मॅगी एकोणचाळीस वर्षांचा होता. म्हणजे त्याची बरीचशी गाजलेली चित्रं एस्टोनिया नावाचा देश नकाशावर येण्याआधीची आहेत.

घरची परिस्थिती कशी होती?

दक्षिण एस्टोनियातल्या हेलेनुर्मे इथल्या जहागिरीवर जन्म. वडील जहागिरीच्या कारभारात नोकरीला होते. शेतमजुरापेक्षा बरी स्थिती, पण मालक ते मालकच. पुढे मॅगी तार्तूला आला आणि फर्निचरच्या कारखान्यात लाकडाचं काम शिकू लागला. संध्याकाळी जर्मन कारागीर संघाच्या चित्रकलेच्या वर्गाला जायचा. शिवाय व्हायोलिन, हौशी नाटकं आणि व्यायामाचाही नाद होता. मोठा चित्रकार होणार अशी कोणतीही लक्षणं या काळात दिसत नाहीत, आणि चरित्रात ती मागाहून घुसडण्यात अर्थ नाही.

त्याने चित्रकलेचं शिक्षण कुठे घेतलं?

सरळ उत्तर : पूर्ण असं कुठेच नाही. १९०३ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गच्या श्टिग्लित्स शाळेत दाखल झाला. ही शाळा कारखान्यांना आणि कारागिरीला लागणारे नक्षीकार, रेखाटनकार तयार करणारी. मॅगी तिथे शिल्पकलेकडे वळला होता. त्याचे शिक्षक आमांडुस आदामसन हे स्वतः एस्टोनियन. राजधानी टॅलिनच्या किनाऱ्यावर हातात क्रॉस घेतलेला देवदूत उभा आहे, ते बुडालेल्या ‘रुसाल्का’ युद्धनौकेचं १९०२ मधलं स्मारक यांचंच.

मग १९०५ उजाडलं. जानेवारीत झारच्या सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या, शहर पेटलं, विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या गदारोळात मॅगीचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. १९०६ च्या उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर फिनलंडच्या ऑलंड बेटांवर गेला, आणि चित्रकार मॅगीची सुरुवात तिथून धरतात. पुढे काही काळ हेलसिंकी आणि १९०७ मध्ये पॅरिस.

पॅरिसमध्ये त्याने काय मिळवलं?

उपासमार, थोडेफार खुल्या अकादमींतले वर्ग आणि पाहण्यासारखं भरपूर. १९०७ चं पॅरिस म्हणजे चित्रकार मातीस आणि त्याच्या मंडळींनी रंगांचा दंगा घालून दोनच वर्षं झालेलं पॅरिस. चित्रकार सेझान आदल्याच वर्षी वारलेला. मॅगीने हे सगळं पाहिलं, पण तो कोणत्याही गटात शिरला नाही. शिरायला लागतात ते पैसे, ती भाषा, त्या ओळखी त्याच्याकडे नव्हत्या. त्याच्या पत्रांत या शहराचं कौतुक कमी आणि पैशांची चणचण जास्त दिसते.

मग नॉर्वे मध्येच कुठून आलं?

१९०८ च्या उन्हाळ्यात तो नॉर्वेला गेला. त्याचा मित्र निकोलाय त्रीक, तोही एस्टोनियन चित्रकार, तिकडे रमला होता. बेत होता काही महिन्यांचा. परतीला पैसे नव्हते, म्हणून मुक्काम लांबत लांबत १९१० पर्यंत गेला. मॅगीच्या आयुष्यातला सर्वांत फलदायी मुक्काम असा निव्वळ खिसा रिकामा असल्यामुळे घडला.

या काळातलं ‘नॉर्वेचं निसर्गदृश्य, पाइनसह’ हे चित्र सावकाश पाहा. नॉर्वे म्हटल्यावर आपण उत्तुंग कडे, खोल फ्योर्ड (कड्यांमध्ये घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) वगैरे अपेक्षित धरतो. चित्रात असतो एक पाइन आणि खालची जमीन. ती जमीन पाहण्यासारखी आहे. शेवाळं, दगडफूल, खुरटी झुडपं यांचे लहान लहान तुकडे शेजारी शेजारी बसवलेले, प्रत्येकाचा रंग वेगळा. जवळ गेलात तर नुसते ठिपके आणि ठसे, दोन पावलं मागे सरकलात की दलदलीची ओल जाणवते. खोली फारशी नाही, सगळा पसारा पृष्ठभागावर अंथरलेला. थंड प्रदेशातल्या दगडाला खरोखरच असे रंग असतात, फक्त त्यासाठी खाली वाकून पाहावं लागतं. मॅगी वाकला होता.

‘नॉर्वेजियन मुलीचं व्यक्तिचित्र’ (१९०९) हेही याच मुक्कामातलं. नॉर्वेतली ही चित्रं मायदेशी प्रदर्शनात पोहोचली आणि चित्रकाराआधी त्याचं नाव घरी पोहोचलं.

त्याच्यावर नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याचा प्रभाव आहे का?

दोघांच्या नावापुढे नॉर्वे लागतं म्हणून ही तुलना वरचेवर होते. मला ती फार लांब जाते असं वाटत नाही. मुंकच्या निसर्गात माणसाची घालमेल भरलेली असते. किनारा, पूल, झाडं सगळी त्या माणसाच्या वतीने बोलतात. मॅगीच्या बहुतेक निसर्गचित्रांत माणूसच नाही. आकाशात काही भयंकर चाललेलं असलं तर ते आकाशाचं स्वतःचं असतं.

विल्सांदीची चित्रं एवढी प्रसिद्ध का आहेत?

विल्सांदी हे एस्टोनियाच्या पश्चिम टोकाचं छोटं बेट, सारेमा या मोठ्या बेटाला लागून. मॅगी १९१२ मध्ये परदेशातून तार्तूला परतला होता. सांधे दुखायचे, पोट बिघडलेलं असायचं. सारेमाच्या औषधी चिखलाच्या स्नानांचं तेव्हा नाव होतं. १९१३ आणि १९१४ चे उन्हाळे त्याने त्या भागात काढले. आला होता उपचारांना, पण कामाला लागला.

विल्सांदीला १८०९ पासून दीपगृह आहे. मॅगी तिथे गेला तेव्हा दीपगृहाचे रखवालदार होते आर्तुर तोम. या गृहस्थांनी १९१० मध्ये शेजारच्या वाइका बेटांवर समुद्रपक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र सुरू करून घेतलं होतं, बाल्टिक देशांतलं पहिलं. (तोम यांचा शेवट वाईट झाला. १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना अटक केली आणि पुढच्या वर्षी छावणीतच ते गेले.) म्हणजे मॅगी ज्या किनाऱ्यावर चित्रफळी मांडून बसत होता तो निर्जन नव्हता. तिथलं झाड-पाखरू नीट ओळखणारी माणसं शेजारी होती.

चुनखडीचा पांढुरका किनारा, त्यावर उगवणारी समुद्री कोबी, मागे पाणी, एवढंच साहित्य. समुद्री कोबी ही खारट वाळूत, गोट्यांत वाढणारी जाड पानांची वनस्पती. पानांवर मेणासारखा थर असतो आणि त्यामुळे हिरव्यात निळसर झाक येते. मॅगीने ती निळसर झाक धरली आणि चढवत नेली. गोटे गुलाबी, जांभळे, पिवळे झाले. दुपारच्या प्रखर उन्हात पांढऱ्या दगडावरून नजर हटवली की डोळ्यांपुढे रंग तरळतात, ते त्याने किनाऱ्यावरच मांडून टाकले. ‘लाल ढगाचं निसर्गदृश्य’ (१९१३–१४) याच उन्हाळ्यांतलं. तो ढग कोणत्या हवामानात दिसतो असं विचारू नये. चित्रात तो शोभतो आणि खालची अख्खी जमीन त्याला उत्तर देते, तेवढं पुरे.

त्याची शैली कोणती? इम्प्रेशनिझम, फोविझम की एक्स्प्रेशनिझम?

तीनही लेबलं त्याला लावली गेली आहेत आणि तीनही थोडी थोडी बसतात. ठिपक्यांचं काम नव-इम्प्रेशनिस्टांकडून आलेलं, पण त्यांचा प्रकाशाचा शास्त्रीय हिशेब त्याने पाळला नाही. रंगांची धिटाई फोविस्टांची, म्हणजे वर आलेल्या मातीसच्या मंडळींची, पण ते मजेत दिसतात आणि हा क्वचितच. १९१५ नंतरची चित्रं एक्स्प्रेशनिझमकडे, म्हणजे दिसण्यापेक्षा मनातलं रंगांत उतरवण्याकडे झुकतात. त्याने जाहीरनामा लिहिला नाही, गट काढला नाही. ठिकाण बदललं की त्याचा हात बदलायचा. म्हणून त्याची चित्रं शैलीपेक्षा जागांप्रमाणे लावून पाहणं सोपं जातं : नॉर्वे, सारेमा, दक्षिण एस्टोनिया, इटली.

दक्षिण एस्टोनियातली चित्रं वेगळी का वाटतात?

भूगोल वेगळा म्हणून, आणि काळही. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी जाण्याचे रस्ते बंद झाले. मॅगी व्होरू प्रांतातल्या कासारित्सा भागात, ओतेपाच्या आसपास, सादयॅर्वच्या तळ्याकाठी रंगवत राहिला. बुटक्या गोल टेकड्या, मध्ये तळी, काठाला झाडी. विल्सांदीचं ऊन इथे नाही. रंग गडद होतात, झाडांचे आकार जड होतात आणि आकाश चित्राचा मोठा हिस्सा बळकावून बसतं. ‘पुहायॅर्व तळं’ (१९१८–२१) हे यातलं सर्वांत माहितीतलं. उंचावरून दिसणारं तळं, त्यातली बेटं, आणि वर ढगांची अशी दाटी की खालचं पाणी भेदरल्यासारखं दिसतं.

तसं पाहिलं तर हा प्रदेश शांत आहे. लोक तिथे सुट्टीला जातात. मॅगीची चित्रं आधी पाहून कोणी ओतेपाला गेलं तर थोडी निराशा पदरी येण्याची शक्यता आहे.

त्याने माणसं रंगवलीच नाहीत का?

रंगवली, आणि चांगली रंगवली. व्यक्तिचित्रांतून पैसे मिळत, आणि पैशांची गरज त्याला कायमच होती. तार्तूतल्या शिकलेल्या एस्टोनियन कुटुंबांना आता स्वतःची चित्रं काढून घ्यावीशी वाटत होती. दोन पिढ्यांपूर्वी हा मान फक्त वाड्यातल्या जर्मनांचा होता. या व्यक्तिचित्रांत बायका जास्त आहेत आणि अनेकदा चेहऱ्याइतकीच मेहनत मागच्या भिंतीवर, कापडावर घेतलेली दिसते. ‘चिंतन’ (१९१५–१६) या चित्रात निसर्ग आणि स्त्री एकत्र येतात. ‘पिएता’ (१९१९) हा धार्मिक विषयही त्याने हाताळला आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर व्यक्तिचित्रांत तो अदबीने वागतो. तळ्यासमोर त्याला अशी अदब बाळगावी लागत नव्हती.

‘पल्लास’ म्हणजे नेमकं काय?

१९१८ मध्ये तार्तूत स्थापन झालेली कलावंतांची संस्था आणि १९१९ च्या शरद ऋतूत तिने सुरू केलेली कलाशाळा. नाव ग्रीक देवता पल्लास अथीनाचं. संस्थापकांत मॅगीबरोबर चित्रकार आदो वाब्बे, आलेक्सांदर तास्सा आणि लेखक फ्रीडेबर्ट टुग्लास ही मंडळी होती. टुग्लास मॅगीचा जुना मित्र. १९०५ च्या उठावानंतर त्यालाही बरीच वर्षं परागंदा राहावं लागलं होतं.

तारीख पाहा. शाळा उघडली तेव्हा एस्टोनियाचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. रशियाबरोबरचा तह याच तार्तूत झाला, पण तो २ फेब्रुवारी १९२० ला. लढाई संपायची वाट न पाहता या लोकांनी वर्ग भरवले. तोपर्यंत एस्टोनियन मुलाला चित्रकला नीट शिकायची तर पीटर्सबर्ग, म्युनिक किंवा पॅरिस गाठावं लागे. मॅगीने स्वतः त्यासाठी काय सोसलं होतं ते वर आलंच आहे.

या शाळेतून पुढे आलेल्यांची नावं मोठी आहेत. छापचित्रकार एडुआर्ड वीराल्ट इथलाच. पॅरिसमध्ये नाव कमावून तो पेर लाशेझच्या दफनभूमीत विसावला. मॅगीच्या हाताखाली शिकलेला कार्ल पॅर्सिमॅगी रंगांच्या बाबतीत गुरूचा खरा वारसदार ठरला. तोही पॅरिसला गेला, जर्मन अंमलात पकडला गेला आणि १९४२ मध्ये आउश्वित्झला मारला गेला.

इटलीला तो कधी गेला? त्याने काही बदललं का?

१९२१–२२ मध्ये. रोम, काप्री, व्हेनिस. दक्षिणेचं ऊन हे त्याचं जुनं स्वप्न होतं. तिथे त्याचे रंग निवळले, घरं आणि भग्न भिंती यांचे कोनदार आकार आले, काही चित्रांत घनवादाची, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडण्याच्या रीतीची, हलकी चाहूल लागते. काप्रीवरची चित्रं देखणी आहेत. तरी विल्सांदीची धार त्यांत कमी आहे असं मला वाटतं. सुंदर म्हणून आधीच मान्य झालेल्या जागेत त्याला खणून काढण्यासारखं फार उरलं नव्हतं.

त्याचा मृत्यू कसा झाला?

परतल्यावर तब्येत ढासळत गेली. शरीर आधीपासून साथ देत नव्हतं, आता मनाचाही तोल जाऊ लागला. शेवटच्या काळात त्याने आपली काही चित्रं स्वतःच नष्ट केली. १५ ऑगस्ट १९२५ ला तार्तूतच तो गेला. ‘वेडा प्रतिभावंत’ अशी गोष्ट यातून रचली जाते, तिच्यापासून जरा सावध राहिलेलं बरं. आजार शेवटचा आहे आणि महत्त्वाची चित्रं त्याच्या बरीच आधीची.

सोव्हिएत काळात त्याच्या चित्रांचं काय झालं?

मोठा विनोद झाला. १९४० मध्ये सोव्हिएत अंमल आला तेव्हा ‘पल्लास’ हे नाव काढून शाळेला मॅगीचंच नाव देण्यात आलं. युद्धानंतर स्टालिनच्या काळात मात्र हाच मॅगी ‘रूपवादी’ ठरला, म्हणजे कामगारांच्या उपयोगाचा नाही असा, आणि त्याची चित्रं संग्रहालयांच्या भिंतींवरून उतरली. स्टालिन गेल्यावर ती हळूहळू परत आली. १९७९ मध्ये तर एस्टोनियात कॉनराड मॅगी पदक सुरू झालं, ते चित्रकारांना अजूनही दिलं जातं.

त्याच्या चित्रांखाली ‘१९१३–१४’, ‘१९१८–२१’ अशा मोघम तारखा का असतात?

तो चित्रांवर तारीख क्वचितच टाकायचा. नावं देण्याचाही उत्साह नव्हता. आज दिसणारी बरीचशी नावं आणि वर्षं अभ्यासकांनी मुक्काम, पत्रं, प्रदर्शनांच्या नोंदी जुळवून ठरवलेली आहेत. म्हणून एकच चित्र दोन ठिकाणी दोन नावांनी भेटलं तर गोंधळून जाऊ नका.

मूळ चित्रं कुठे पाहायला मिळतात?

मुख्यतः दोन ठिकाणी. टॅलिनचं ‘कुमू’ हे २००६ मध्ये उघडलेलं कलासंग्रहालय आणि तार्तूचं कलासंग्रहालय. तार्तूचं संग्रहालय शहराच्या मुख्य चौकातल्या एका चक्क कललेल्या इमारतीत आहे. ते १९४० मध्ये ‘पल्लास’च्याच मंडळींनी सुरू केलं होतं. बरीच चित्रं खासगी संग्रहांत आहेत आणि ती प्रदर्शनांपुरती बाहेर येतात. संग्रहालयांच्या भिंती बदलत असतात, त्यामुळे ठरावीक चित्रासाठीच जाणार असाल तर ते सध्या लावलेलं आहे का हे आधी विचारून घ्या. तिथवर जाणं शक्य नसेल तर एस्टोनियन संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचीत त्याची चित्रं पाहता येतात.

एस्टोनियाबाहेर त्याला कोणी ओळखतं का?

फार काळ नाही. अलीकडे चित्र बदललं आहे. २०१७ मध्ये रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात त्याचं मोठं प्रदर्शन झालं. २०१८ मध्ये पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाने बाल्टिक देशांतल्या प्रतीकवादावर प्रदर्शन भरवलं, त्यात तो होता. २०२१ मध्ये फिनलंडच्या एस्पो इथल्या संग्रहालयाने त्याला स्वतंत्र जागा दिली. ज्या पॅरिसमध्ये तो अर्धपोटी फिरला तिथे त्याची चित्रं सन्मानाने लागायला शंभरहून अधिक वर्षं गेली.

त्याची चित्रं लेखात, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा वर्गात शिकवताना वापरता येतात का?

मूळ चित्रांवर आता कॉपीराइट नाही. भारतात तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे मॅगीच्या बाबतीत १९८५ अखेर संपला. युरोपात ही मुदत ७० वर्षांची आहे, तीही उलटून गेली. अडचण येते ती छायाचित्राची. संग्रहालयाने काढलेला मोठ्या आकाराचा फोटो वापरायचा असेल तर त्यांच्या अटी वाचा. बरेचदा संग्रहालयाचं नाव देण्याएवढीच अपेक्षा असते. छपाईला देण्यापूर्वी रंग एकदा दोन-तीन वेगवेगळ्या फोटोंशी ताडून पाहा. विल्सांदीच्या चित्रांचे इंटरनेटवरचे बरेच फोटो जरुरीपेक्षा भडक केलेले आहेत, आणि मॅगीच्या रंगांना बाहेरून मदत लागत नाही.